एकाच जर्नलचे चार 'इम्पॅक्ट फॅक्टर': खरा कोणता आणि तो किती मनावर घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाइडनी सांगितलंय की इम्पॅक्ट फॅक्टर तीनच्या वर असेल तिथेच पेपर पाठवायचा. तुम्ही एक जर्नल हेरलंत आणि त्याचा आकडा शोधायला गेलात, तर एका ठिकाणी २.१ दिसला, दुसरीकडे ४.३, तिसरीकडे ०.५८४, आणि जर्नलच्या नावाने आलेल्या ईमेलमध्ये ६.९१२. यातला खरा कोणता? आणि २.१ च खरा निघाला, तर दोन वर्षं राबून केलेला, एका केंद्रातला निरीक्षणात्मक अभ्यास तिथे छापणं म्हणजे वाया घालवणं का? शिवाय बायोडेटात हा आकडा कसा लिहायचा, हेही तुम्ही विचारलंय.

मी एका वैद्यकीय जर्नलच्या संपादक मंडळात बरीच वर्षं आहे, निवड आणि बढतीच्या समित्यांवरही बसतो. म्हणजे हा आकडा तयार होताना पाहतो आणि वापरला जातानाही पाहतो. त्या अनुभवावरून सांगतो की यातले पहिले दोन प्रश्न एकमेकांत गुंतवू नका. पहिल्याचं उत्तर नेमकं देता येतं. दुसऱ्याचं मात्र तुमची विषयशाखा कोणती, पेपर कोणत्या प्रकारचा आणि तो तुम्हाला कशासाठी हवाय, यावर ठरतं. जर्नलचं नाव तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे चार आकड्यांबद्दल मी अंदाजच करतोय. पण हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की अंदाज फारसा चुकणार नाही.

आधी खऱ्या आकड्याबद्दल. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो सगळीकडे मानला जातो, तो एकाच ठिकाणाहून येतो: क्लॅरिव्हेट या कंपनीच्या 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मधून, म्हणजे जेसीआरमधून. दरवर्षी जूनमध्ये नवी आवृत्ती येते आणि तिच्यात आदल्या वर्षाचा आकडा असतो. हिशेब सोपा आहे. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये १०० आणि २०२३ मध्ये १२० लेख छापले. या २२० लेखांना २०२४ या एका वर्षात ६६० सायटेशन्स मिळाली, म्हणजे इतर लेखांनी ६६० वेळा त्यांचा संदर्भ दिला. ६६० भागिले २२० म्हणजे ३.०. हा झाला २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर, आणि तो प्रसिद्ध झाला जून २०२५ मध्ये. बस, एवढंच. त्या जर्नलमधलं संशोधन किती काटेकोर आहे, छापण्याआधीचा रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांकडून होणारी तपासणी, किती कडक होतो, डॉक्टर ते वाचून उपचार बदलतात का, यातलं काहीही या भागाकारात नाही.

एक बारकावा मात्र आहे, आणि संपादकांना तो चांगला ठाऊक असतो. खाली, छेदात, फक्त मूळ संशोधन लेख आणि रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख) मोजतात. वर, अंशात, जर्नलमधल्या कशालाही मिळालेली सायटेशन्स धरतात, मग ते संपादकीय असो की वाचकाचं पत्र. म्हणजे भरपूर संपादकीयं, टिपणं आणि पत्रं छापणाऱ्या जर्नलला वरच्या बाजूला फायदा होतो आणि खालच्या बाजूला भुर्दंड पडत नाही. कोणता मजकूर छेदात धरायचा हा वादाचाच विषय आहे. 'प्लॉस मेडिसिन' नवं असताना त्यांच्या संपादकांनी २००६ मध्ये उघडपणे लिहिलं होतं की हे कसं ठरवलं जातं त्यावर त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर तीनच्या खाली येऊ शकत होता किंवा अकरापर्यंतही जाऊ शकत होता. तेच जर्नल, तेच लेख.

तुमच्या चार आकड्यांतला २.१ बहुधा हाच असावा. आता बाकीचे आकडे. ४.३ हा बहुधा साइटस्कोअर असावा. तो एल्सेव्हिअरच्या स्कोपस या डेटाबेसवरून निघतो. त्यात दोन वर्षांऐवजी चार वर्षांची खिडकी असते, आणि त्या चारही वर्षांत छापलेल्या लेखांना त्याच चार वर्षांत मिळालेली सायटेशन्स मोजतात. शिवाय जेसीआर ज्यावर आधारलेलं आहे त्या क्लॅरिव्हेटच्या वेब ऑफ सायन्स या डेटाबेसपेक्षा स्कोपसमध्ये जर्नल्स जास्त, त्यामुळे सायटेशन्सही जास्त सापडतात. साहजिकच बहुतेक वैद्यकीय जर्नल्सचा साइटस्कोअर त्यांच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो, कधी कधी दुप्पट. यात फसवणूक काही नाही. फसवणूक होते ती कोणी साइटस्कोअर 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून सांगतो तेव्हा. तुमच्या गाइडची तीनची अट साइटस्कोअरवर लावली तर ती भलतीच सैल होईल.

०.५८४ हा एसजेआर वाटतो, म्हणजे सायमॅगो जर्नल रँक. आधारसामग्री पुन्हा स्कोपसचीच, पण इथे प्रत्येक सायटेशनचं वजन सारखं नसतं. वजनदार जर्नलमधून आलेलं सायटेशन जास्त धरलं जातं. हा आकडा सहसा लहान असतो आणि तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. सायमॅगोचं संकेतस्थळ फुकट आहे आणि तिथे जर्नलचा क्वार्टाइलही दिसतो, म्हणजे विषयातल्या जर्नल्सचे क्रमाने चार गट केले तर ते कितव्या गटात येतं; क्यू-वन म्हणजे सगळ्यात वरचा गट. फक्त तिथला क्यू-वन आणि जेसीआरमधला क्यू-वन वेगवेगळे असू शकतात, कारण वर्गवारी वेगळी, डेटाबेस वेगळा आणि मोजमापही वेगळं.

राहिला ६.९१२. हा आकडा मला संशयास्पद वाटतो आणि त्याची दोन कारणं आहेत. एक, तो ईमेलमध्ये आला. ज्या जर्नलकडे पेपरांची रांग लागलेली असते, ते अनोळखी माणसाला आकडा मिरवत पत्र पाठवत नाही. दुसरं कारण जास्त ठोस आहे. जून २०२३ च्या आवृत्तीपासून जेसीआरने इम्पॅक्ट फॅक्टर दशांशानंतर एकाच स्थळापर्यंत द्यायला सुरुवात केली. त्याआधी तीन स्थळं असत. त्यामुळे २०२२ किंवा नंतरच्या वर्षाचा म्हणून कोणी ६.९१२ सांगत असेल, तर तो जेसीआरचा नाही. 'ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर', 'युनिव्हर्सल इम्पॅक्ट फॅक्टर' अशा भारदस्त नावांनी आकडे वाटणारी दुकानं बरीच आहेत. ती सायटेशन्स कुठून मोजतात, मोजतात तरी का, हे कुठेच नीट कळत नाही. इंडेक्स कोपर्निकस नावाची एक यादी आहे, तिचे गुण कधी कधी शंभराच्या पुढे असतात; त्या गुणांचाही इम्पॅक्ट फॅक्टरशी संबंध नाही. आकड्यापुढे कोणाचं नाव आहे आणि कोणतं वर्ष आहे, या दोन गोष्टी नसतील तर तो आकडा मी पुढे वाचतच नाही.

मग खरा आकडा बघायचा कुठे? जेसीआर वर्गणीवर चालतं, त्यामुळे घरून उघडलं तर भिंत लागते. पण काही वैद्यकीय महाविद्यालयांच्या किंवा विद्यापीठांच्या ग्रंथालयाकडे वर्गणी असते. नसेल तर एखाद्या मोठ्या संस्थेतल्या मित्राला एका जर्नलचं पान काढून पाठवायला पाच मिनिटं लागतात. ग्रंथपालांना विचारा. संशोधक त्यांच्याकडे फार कमी जातात, आणि या बाबतीत ते तुमच्या विभागप्रमुखांपेक्षा जास्त जाणतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रकाशकाच्या संकेतस्थळावरचं जर्नलचं पान. नावाजलेले प्रकाशक तिथे इम्पॅक्ट फॅक्टर, त्याचं वर्ष आणि स्रोत लिहितात. तिसरी गोष्ट म्हणजे क्लॅरिव्हेटची 'मास्टर जर्नल लिस्ट'. ती मोफत आहे. तिथे जर्नल वेब ऑफ सायन्सच्या कोणत्या इंडेक्समध्ये आहे, आहे की नाही, हे कळतं. जर्नल त्या यादीतच नसेल तर त्याला आजचा इम्पॅक्ट फॅक्टर असू शकत नाही, मग मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. शोध घेताना नावाऐवजी आयएसएसएन क्रमांक, म्हणजे जर्नलचा आठ अंकी ओळखक्रमांक, टाका. 'जर्नल ऑफ क्लिनिकल अमुक' आणि 'क्लिनिकल जर्नल ऑफ अमुक' अशा जोड्या वैद्यकशास्त्रात पावलोपावली आहेत, आणि काही मुद्दाम तयार केलेल्या आहेत.

गुगलवर 'अमुक जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर' टाकल्यावर जी संकेतस्थळं वर येतात, त्यांच्यावर विसंबू नका. ती जुने आकडे उचलतात, साइटस्कोअरची सरमिसळ करतात, आणि काही तर 'या वर्षीचा चालू इम्पॅक्ट फॅक्टर' असा स्वतःच काढलेला आकडा देतात. वर्ष संपल्याशिवाय त्या वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर अस्तित्वातच येत नाही.

आकडा खरा निघाला तरी एक तपासणी उरते: तो अजून लागू आहे का? जर्नल्स वेब ऑफ सायन्समधून काढलीही जातात. मार्च २०२३ मध्ये एका फटक्यात पन्नासच्या आसपास जर्नल्स काढल्याचं जाहीर झालं, आणि त्यात 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल रिसर्च अँड पब्लिक हेल्थ'सारखं प्रचंड लेख छापणारं, चारच्या वर इम्पॅक्ट फॅक्टर असलेलं जर्नलही होतं. ज्यांचे पेपर त्या वेळी तिथे रिव्ह्यूत होते त्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. याशिवाय स्वतःच्याच लेखांची सायटेशन्स फार झाली किंवा दोन-तीन जर्नल्सनी संगनमताने एकमेकांना सायटेशन्स पुरवली असं दिसलं, तर जेसीआर त्या वर्षापुरता आकडा रोखून धरतं. म्हणून एकाच वर्षाकडे न बघता मागच्या चार-पाच वर्षांचा आलेख बघा. १.२, १.४, १.३ आणि मग एकदम ४.८ अशी उडी दिसली, तर ती का मारली हे कळल्याशिवाय पेपर पाठवू नका.

नावाजलेल्या जर्नलची नक्कल करणारी संकेतस्थळंही असतात. नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे मात्र भलत्याच्या खात्यात. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'ने अशा अपहृत जर्नल्सची यादी ठेवली आहे, तीही फुकट बघता येते. आणि पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत शोधयंत्रात लेख दिसतो म्हणजे जर्नल मेडलाइन या निवडक जर्नल्सच्या डेटाबेसमध्ये आहे असं समजू नका. पबमेडमध्ये मेडलाइनखेरीज पबमेड सेंट्रल या मोफत पूर्ण लेखांच्या संग्रहात जमा झालेले लेखही येतात, आणि मेडलाइनची निवड वेगळी आणि जास्त कडक असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकलं की ते सध्या मेडलाइनसाठी इंडेक्स होतं की नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. वैद्यकीय जर्नलसाठी मी ही तपासणी इम्पॅक्ट फॅक्टरच्याही आधी करतो.

आता तुमचा खरा प्रश्न. २.१ म्हणजे कमी का?

यूजीन गारफील्ड यांनी सायटेशन इंडेक्सची (कोणत्या लेखाने कोणाला उद्धृत केलं याच्या सूचीची) कल्पना १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडली, आणि पुढे त्या इंडेक्समध्ये कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवताना नुसती एकूण सायटेशन्स मोजली तर मोठी जर्नल्सच येतात आणि लहान पण मोलाची मागे पडतात, म्हणून लेखसंख्येने भागायची युक्ती निघाली. ग्रंथालयांनाही ती सोयीची पडली: मर्यादित पैशात कोणती जर्नल्स मागवायची? म्हणजे हा आकडा जर्नल निवडणाऱ्यांसाठी जन्माला आला. एखाद्या संशोधकाचं किंवा एका पेपरचं मोल ठरवायला तो केलेलाच नव्हता, आणि त्या कामाला तो का चालत नाही हे गणितातच दिसतं.

तो सरासरी आहे, आणि सायटेशन्सची वाटणी अत्यंत एकांगी असते. मघाच्या उदाहरणातल्या २२० लेखांपैकी एक समजा उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं असलेला होता आणि एकट्या त्यालाच २०० सायटेशन्स मिळाली. तो बाजूला काढला तर उरतात ४६० सायटेशन्स आणि २१९ लेख: २.१. म्हणजे तीनवालं आणि दोनवालं जर्नल यांच्यातला अख्खा फरक एका लेखाचा असू शकतो. हे मी रंगवून सांगत नाही. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या अ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास असायचा. २००८ मध्ये त्यात स्फटिकरचना काढण्याच्या एका संगणकप्रणालीवर लेख आला, जो ती प्रणाली वापरणारा प्रत्येकजण उद्धृत करू लागला. २००९ चा आकडा आला ४९.९. तो लेख दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला तसं जर्नल पुन्हा दोनवर आलं. मधल्या काळात तिथे छापून आलेल्या बाकीच्यांनी आपल्या बायोडेटात ४९.९ लिहिला असेल तर नियमाने तो चूक नाही! संघात एकाने त्रिशतक ठोकलं की संघाची सरासरी फुगते. शून्यावर बाद झालेल्यालाही तीच सरासरी सांगता येते.

'नेचर'ने स्वतः २००५ मध्ये हिशेब मांडला होता: त्यांच्या आदल्या वर्षाच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधला ८९ टक्के वाटा केवळ २५ टक्के लेखांचा होता. २०१६ मध्ये काही संशोधक आणि संपादकांनी मिळून अकरा जर्नल्सची सायटेशन्स लेखागणिक मांडली, तेव्हा दिसलं की साधारण ६५ ते ७५ टक्के लेखांना त्यांच्याच जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी सायटेशन्स मिळतात. तेव्हा दहा इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये छापलं म्हणजे तुमच्या पेपरला दहा सायटेशन्स मिळतील, हा हिशेब बहुसंख्य लेखकांच्या बाबतीत चुकतो.

दुसरी अडचण विषयशाखेची. कर्करोगावर काम करणारे लोक अफाट, लेख अफाट, आणि प्रत्येक लेखाखाली संदर्भांची लांबलचक यादी. म्हणून तिथले आकडे उंच. 'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स' वर्षाला मोजकेच लेख छापतं, पण त्यात कर्करोगाची वार्षिक आकडेवारी असते आणि कर्करोगावरचा जवळजवळ प्रत्येक पेपर पहिल्याच वाक्यात ती उद्धृत करतो; त्याचा २०२३ चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०३.१ होता. त्याच्या शेजारी न्यायवैद्यक, शरीररचनाशास्त्र किंवा वैद्यकीय शिक्षण यांतलं उत्तम जर्नल ठेवलं तर ते केविलवाणं दिसेल. म्हणून 'तीनच्या वर' ही अट सगळ्या शाखांना सरसकट लावणं मला पटत नाही. एका शाखेत तीन म्हणजे मधल्या फळीतलं, दुसरीत अगदी वरच्या रांगेतलं.

याला उतारा म्हणून जेसीआरमध्येच जर्नलचा त्याच्या वर्गातला, म्हणजे विषयगटातला, क्रम, क्वार्टाइल आणि पर्सेंटाइल (शंभरात कितवं स्थान) दिलेला असतो. तुमच्या २.१ चा अर्थ लावायचा तर तो आकडा सोडून आधी हे बघा. एक जर्नल दोन वर्गांत असेल तर एकात क्यू-टू आणि दुसऱ्यात क्यू-थ्री असंही होतं. तुमच्या पेपरचा विषय ज्या वर्गात बसतो तो धरा. २०२१ पासून जेसीआर 'जर्नल सायटेशन इंडिकेटर' नावाचा आणखी एक आकडा देतं, त्यात विषय, लेखाचा प्रकार आणि वर्ष यांचा फरक हिशेबात धरलेला असतो. तिथे १ म्हणजे त्या विषयातली जागतिक सरासरी. दोन वेगळ्या शाखांतली जर्नल्स शेजारी ठेवायचीच असतील तर मी हा वापरतो.

क्वार्टाइलचीही एक मेख आहे. जून २०२३ पासून वेब ऑफ सायन्सच्या 'इमर्जिंग सोर्सेस' या, मुख्यतः नव्याने पुढे येणाऱ्या जर्नल्सच्या इंडेक्समधल्या जर्नल्सनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळू लागला, आणि जून २०२४ पासून त्यांना धरून एकत्र क्रमवारी लागते. रांगेत नवी माणसं आल्यावर जुन्यांचे क्रमांक हलणारच. शिवाय कोविडच्या काळात आकडे बेसुमार फुगले होते. 'लॅन्सेट'चा २०२२ चा इम्पॅक्ट फॅक्टर १६८.९ होता, २०२३ चा ९८.४; 'न्यू इंग्लंड जर्नल'चा १५८.५ वरून ९६.२ वर आला. कोणाचाही दर्जा एका वर्षात चाळीस टक्के घसरला नव्हता, फक्त कोविडचे ते लेख खिडकीबाहेर गेले होते. तुमच्या जर्नलचा आकडा ३.४ वरून २.१ झाला असेल, तर वर्गातला क्रम जागच्या जागी आहे का ते बघा. असेल तर घाबरण्यासारखं काही नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या पेपरच्या प्रकाराची, आणि ती फार कमी लोक विचारात घेतात. रिव्ह्यू आणि मार्गदर्शक तत्त्वं भरपूर उद्धृत होतात, मोठ्या चाचण्याही होतात, केस रिपोर्ट (एखाद-दुसऱ्या रुग्णाची हकिगत) जवळजवळ होतच नाहीत. संपादकांच्या बैठकीत हा विषय निघतोच: केस रिपोर्ट घेत राहिलो तर सरासरी खाली येते. काही जर्नल्सनी ते छापणं याच कारणाने बंद केलं किंवा त्यांच्यासाठी वेगळं जर्नल काढलं. तुम्ही एका केंद्रातला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणालात. असा अभ्यास उंच आकड्याच्या सर्वसाधारण वैद्यकीय जर्नलकडे पाठवला तर बहुतेक वेळा तो रिव्ह्यूअरपर्यंत जातच नाही, संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो. त्यात अभ्यासाचा दोष असतोच असं नाही. त्या जर्नलला काय हवंय आणि तुम्ही काय पाठवलंय, याचा मेळ नसतो एवढंच.

आणि वाचतात कोण? बाह्यरुग्ण विभाग चालवणारा डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ हे लोक पेपर वाचतात, उद्यापासून वेगळं वागतात, पण ते स्वतः पेपर लिहीत नाहीत. त्यामुळे त्यांच्या वाचनाचा ठसा सायटेशनमध्ये उमटत नाही. प्रत्यक्ष उपचारांकडे झुकलेल्या जर्नल्सचे आकडे यामुळे कायम कमी राहतात. तुमचं काम त्या वाचकांसाठी असेल, तर २.१ चं योग्य जर्नल मला ५ च्या अयोग्य जर्नलपेक्षा कितीतरी बरं वाटतं.

म्हणून गाइडशी बोलताना वाद घालू नका, एक गोष्ट विचारा: तीनची अट लेखी आहे का? विद्यापीठाच्या, फेलोशिपच्या किंवा नेमणुकीच्या नियमात ती छापलेली असेल तर मुकाट्याने पाळा आणि तो नियम इम्पॅक्ट फॅक्टरच म्हणतो की फक्त इंडेक्सिंग मागतो, हे शब्दशः वाचा. कित्येकदा नियमात नुसतं 'अमुक डेटाबेसमध्ये समाविष्ट' एवढंच असतं आणि आकडा विभागाच्या परंपरेतून आलेला असतो. अट परंपरेतली असेल, तर जर्नलचा पर्सेंटाइल दाखवा. 'सर, आकडा २.१ आहे, पण आपल्या वर्गात ते वरच्या चाळीस टक्क्यांत आहे आणि मेडलाइनमध्ये आहे' असं सांगितल्यावर बरेच गाइड ऐकतात. त्यांनाही शेवटी फसवं जर्नल टाळायचं असतं. तीनचा आकडा हे त्यांनी त्यासाठी घातलेलं ढोबळ कुंपण असतं, आणि ते अगदीच निरर्थक नाही.

जगभरात हवा बदलते आहे हेही खरं. जर्नलच्या आकड्यावरून व्यक्तीचं किंवा एका पेपरचं मूल्यमापन करू नये, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हजारो संस्थांनी त्यावर सही केली. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुका आणि बढत्यांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढायचं जाहीर केलं. दुसरीकडे 'ईलाइफ' या जीवशास्त्राच्या जर्नलने रिव्ह्यूनंतर स्वीकार-नकार देणंच बंद केलं, तर २०२५ पासून त्याला इम्पॅक्ट फॅक्टर मिळेनासा झाला. पण सही केलेल्या संस्थेच्या समितीतसुद्धा कोणीतरी हळूच 'पण इम्पॅक्ट फॅक्टर किती?' असं विचारतोच, हे मी ऐकलेलं आहे. तेव्हा तुमच्यासारख्या सुरुवातीच्या टप्प्यावरच्या माणसाने तत्त्वासाठी स्वतःचं नुकसान करून घ्यावं असं मी सांगणार नाही.

जर्नल निवडताना मी स्वतः काय करतो ते सांगतो. आधी माझ्या पेपरची संदर्भसूची उघडतो. ज्या जर्नलमधून चार-पाच संदर्भ आले आहेत, तिथले वाचक माझेही वाचक असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग 'जेन' नावाच्या मोफत साधनात गोषवारा चिकटवतो; ते पबमेडमधल्या मिळत्याजुळत्या लेखांवरून जर्नल्स सुचवतं. त्यातून तीन नावं काढतो: एक थोडं आवाक्याबाहेरचं, एक बरोबरीचं, एक खात्रीचं. प्रत्येकाचे मागचे तीन-चार अंक चाळून बघतो की माझ्यासारखा अभ्यास, एवढ्याच रुग्णसंख्येचा, त्यांनी छापलाय का. सादर केल्याची आणि स्वीकारल्याची तारीख लेखावर असते, त्यावरून लागणारा वेळ कळतो. तीन दिवसांत स्वीकार दिसला तर तिथेच थांबतो. पहिल्या पायरीवरून पेपर परत आला तर आठवड्याच्या आत दुसरीकडे जातो, कारण आकड्याच्या मागे लागून चार-पाच ठिकाणी फिरवलेला पेपर दीड वर्षं जुना होतो, आणि तोवर तोच अभ्यास दुसऱ्या कोणीतरी छापलेला असतो.

बायोडेटाबद्दलही तुम्ही विचारलं होतं. इम्पॅक्ट फॅक्टर लिहायचाच असेल तर वर्षासह लिहा: 'इम्पॅक्ट फॅक्टर २.१ (जेसीआर, २०२४)'. पेपर छापला त्या वर्षाचा द्यायचा की ताजा, याबाबत समित्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. सूचना नसेल तर मी छापल्या वर्षाचा देतो आणि तसं नमूद करतो. त्या वर्षाचा आकडा पुढच्या जूनमध्ये येतो, तोवर आदल्या वर्षाचा लिहून खाली टीप द्यायची. सगळ्या पेपरांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरीज करून 'एकूण ३४.७' असं मात्र लिहू नका. काहीजण लिहितात, आणि निदान माझ्यासारखा समितीतला माणूस ते बघून अर्जाकडे जरा जास्तच बारकाईने बघायला लागतो. त्याऐवजी पेपर पबमेडमध्ये असेल आणि दोन-तीन वर्षं जुना झाला असेल, तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या 'आयसाइट' या मोफत साधनात त्याचा क्रमांक टाका. तिथे त्या एका पेपरला त्याच्या विषयाच्या मानाने किती सायटेशन्स मिळाली, याचं गुणोत्तर मिळतं. १ म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांमधला मधला. हा आकडा जर्नलचा नाही, तुमच्या पेपरचा असतो.

जर्नलचं नाव किंवा आयएसएसएन इथे टाकलात, तर ते कोणत्या इंडेक्समध्ये आहे आणि वर्गात कितवं आहे, हे बघून सांगतो. तो ६.९१२ वाला ईमेल आला त्या पत्त्याचं डोमेन जर्नलच्या मूळ संकेतस्थळाशी जुळतं का, तेवढं तोवर तपासा, आणि त्यांना पेपर किंवा पैसे पाठवू नका.